आपाने चोरून काय खाल्लं

माझी थोरली बहीण बिबिसारा, आमची आपा, तोंडाने फटकळ होती. नवरदेव पितो, तर पितो म्हणायची, तेही मुलीच्या बापासमोर. त्यामुळे आटलेल्या समुद्राकाठच्या आमच्या मुयनाकच्या आसपासच्या चार गावांत तिचं फारसं कुणाशी पटायचं नाही. तरी लग्न निघालं की मांस वाटायला पहिलं बोलावणं तिलाच. आमच्याकडे मेंढ्याचं कुठलं हाड कुणाच्या ताटात जायचं हे ठरलेलं असतं. डोकं वडीलधाऱ्याला, मांडीचं व्याह्याला, छातीचं जावयाला. चुकलं तर दहा वर्षं बोलणं बंद. आपा कधी चुकली नाही. दिवसभर चरबीच्या वाफेत उभी राहून दोनशे ताटं लावायची आणि घरी येऊन ज्वारीची भाकरी चहात बुडवून खायची.

पन्नाशी उलटली आणि तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून तीनदा शहरात डायलिसिस, जायला तीन तास, यायला तीन. माझं रक्त तिच्याशी जुळलं. मी म्हटलं, घ्या माझी एक, मला दोन काय करायच्यात? डॉक्टर सापारबाय म्हणाले, घेऊ, पण आधी हिच्या अंगातला दाह कमी व्हायला हवा. पायांवरची सूज दिसते, आतला दाह दिसत नाही, पण रक्तात त्याचा आकडा येतो. तो सलग तीन महिने दहाच्या खाली हवा. नाहीतर माझी किडनी तिच्या अंगात टिकायची नाही. मीठ बंद, चरबी बंद, खारवलेलं मांस बंद. उकडलेला कोबी, भात आणि अंड्यातला पांढरा भाग, बस्स.

आपाने त्याच दिवशी मिठाचा डबा उचलून माझ्या घरी आणून ठेवला.

पहिल्या महिन्यात आकडा आला सव्वीस. दुसऱ्या महिन्यात एकतीस. दोन डायलिसिसच्या मध्ये वजन साडेचार किलोने वाढायचं, डोळे सुजून बारीक व्हायचे. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले की मीठ खाल्ल्याशिवाय माणसाला इतकी तहान लागत नाही. झालं. मला तेवढंच पुरलं.

खरं सांगते, मी तिचं जगणं नकोसं करून टाकलं. तिच्या घरातल्या वाळवलेल्या मांसाच्या पेटीला कुलूप घातलं. पावाचे तुकडे उलटून पाहिले. एकदा ती लग्नाहून आली तर दारातच तिचे हात धरले आणि बोटांचा वास घेतला. तिने हात सोडवून घेतले नाहीत. शेजारणी आगीत तेल ओतायला होत्याच. एक म्हणाली, वाटणारीच्या तोंडात एखादा तुकडा जायचाच की गं. दुसरी म्हणाली, चाखल्याशिवाय कळतं का शिजलंय ते? आपाने शपथ घेतली, आईच्या कबरीची. मी म्हटलं, आईला मध्ये आणू नकोस.

तिसऱ्या महिन्यात आकडा आला अठ्ठावीस. डॉक्टरांनी कागद पुढे ओढला आणि विचारलं, "बाई, शेवटचं विचारतो. काय खाता तुम्ही?"

"तुम्ही सांगितलंय तेच."

"रक्त वेगळं सांगतंय."

तेव्हा मी मध्ये तोंड घातलं. घालायला नको होतं. म्हटलं, "आपा, माझी किडनी काय उकिरड्यावर फेकायला आहे? खरं बोल एकदाचं. सगळ्या जगाला तोंडावर सुनावतेस, स्वतःच्या वेळी दातखीळ बसते?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरांना म्हणाली, "लिहा. खाते मी. चोरून खाते."

त्यांनी लिहिलं, तिने खाली सही केली. ऑपरेशनच्या यादीतून वर्षभरासाठी तिचं नाव बाजूला पडलं. परतीच्या वाटेवर तीन तास मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही. उतरताना ती म्हणाली, "झालं तुझं समाधान?" त्यानंतर मी तिला गाडीत बसवायची, उतरवायची, पण पूर्वीसारखं बसून बोलणं झालंच नाही. खऱ्याचं खोटं करणाऱ्या माणसाशी काय बोलायचं, असा माझा तोरा.

फेब्रुवारीत डायलिसिसच्या खुर्चीतच तिचं हृदय थांबलं.

सातव्या दिवसाच्या जेवणाला तिच्या मुलीची सासू ताश्कंदहून आली. जुल्फिया तिचं नाव, भारी सुसंस्कृत बाई, आमच्या गावी पहिल्यांदाच येत होती. मी स्वतः तिच्या हातात चहाचा वाडगा दिला. तिने एक घोट घेतला, थांबली, आणि माझ्या कानाशी वाकून अगदी अदबीने विचारलं, "ताई, तुमच्याकडे दुखवट्याच्या घरी चहात मीठ घालायची रीत आहे का?"

मी म्हटलं, छे हो, मीठ कसलं? तिचाच वाडगा घेऊन मी प्यायले. चहा होता. चांगला, रोजचा चहा. तिने पिशवीतून शहरातल्या पाण्याची बाटली काढून दिली, म्हणाली, यात करून बघा. मी चुलीपाशी जाऊन केला. भांडी विसळलेल्या पाण्यासारखा लागला, कसलीच चव नाही. मग पुन्हा आमच्या विहिरीच्या पाण्याचा घोट घेतला. तेव्हा कुठे जिभेला मीठ कळलं.

आपा दिवसभर तोच चहा प्यायची. त्याच पाण्यात कोबी उकडायची, त्याच पाण्यात भात. तहान लागली की तेच प्यायची, आणि पुन्हा तहान लागायची. तिलाही कळलं नाही. आम्ही जन्मापासून पाणी म्हणून तेच प्यायलो.

मी विहिरीच्या पाण्याची बाटली भरून डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ती तपासायला पाठवली. पुढच्या आठवड्यात बोलावलं. म्हणाले, तिला दिवसभरात चालेल त्याच्या दुपटीहून जास्त मीठ नुसत्या या पाण्यातून जात होतं. दाह एवढ्यामुळेच होता असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण हे मला आधी कुणी बोललं नाही. मी म्हटलं, तुम्ही खाण्याचं विचारलंत, पाण्याचं कुणी विचारलं?

मग मी त्यांना म्हटलं, ती ओळ खोडा. चोरून खाते म्हणून लिहिलंय ती.

"मी कशी खोडू?" ते म्हणाले. "त्यांनी स्वतः सांगितलंय."

त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. खाली सही होती, तिचीच.