धडधड थांबलेले मशीन

त्या चौकशीची आठवण झाली की आजही नाकात सागाच्या भुशाचा वास दरवळतो. मोठमोठ्या गुन्ह्यांचे तपास मनात धूसर झाले. ज्यात गुन्हाच नोंदवावा लागला नाही ते हे प्रकरण मात्र अर्धवट झोपेतल्या स्वप्नासारखे परत परत येते.

एक वृद्ध कातारी तक्रार अर्ज घेऊन ठाण्यात आले होते. लाकूड कातून पलंगाचे पाय, लाटणी, पाळण्याचे दांडे करण्यात त्यांचे आयुष्य गेले. पेठेत सगळे त्यांना चाचा म्हणत. आजारपणानंतर ते काही महिने वाघोलीला मुलीकडे राहिले. परत येऊन पाहतात तो दुकानातले कातण्याचे मशीन गायब. ठाणे अंमलदार म्हणाला, "चाचा, जुनं लोखंड ते. नवीन घ्या."

"नवीन मशीनशी ओळख व्हायला वर्षं लागतात, साहेब. तेवढी आहेत कुठं माझ्याकडे?" चाचा म्हणाले. "काम सुटलं की माणूस भिंतीकडे बघत बसतो. मला नाही तसं बसायचं."

मी अर्ज स्वतःकडे ठेवून घेतला. आठवड्याने खबर आली. बीट हवालदाराच्या ओळखीचा एक टेम्पोवाला म्हणाला, "तसलं धूड म्याच धायरीत उतरवलंय. सहा माणसं लागली."

धायरीच्या त्या बंगल्यात एक निवृत्त ड्राफ्ट्समन राहत. सुतारकामाची जुनी यंत्रे विकत घ्यायची, सुटी करायची, रॉकेलने गंज काढून पुन्हा चालती करायची, हा त्यांचा नाद. मला बघून ते म्हणाले, "आपण पोलीस आहात हे गणवेशावरून कळलं. काम सांगा."

त्यांची मोटार बाहेर रस्त्यावर उभी होती आणि मोटारीच्या जागेत यंत्रे. पत्र्याच्या फटीतून आलेल्या उन्हात भुसा इतका सावकाश तरंगत होता की मी कशासाठी आलो हेच क्षणभर विसरलो. मधोमध चाचांनी सांगितले होते तेवढेच लांब मशीन होते, पण हिरवेगार रंगवलेले. मी चोरीच्या मालाचे कलम ऐकवले. त्यांनी भंगारवाल्याची पावती पुढे केली. "आठ महिने झिजलोय ह्यापायी. त्यांचं असेल तर त्यांनी न्यावं. आधी ओळखू तर देत."

दुसऱ्या दिवशी चाचांचा मुलगा त्यांना स्कूटरवरून तिथे घेऊन आला. मी दोन पंच बोलावले. चाचांनी मशीन चालू करायला लावले आणि त्यावर तळहात ठेवला. ते जवळजवळ आवाज न करता फिरत होते. चाचांनी हात काढून घेतला. "नाही साहेब. माझं धडधडायचं. हाताला मुंग्या यायच्या. हे माझं नाही."

मी कागद आवरायला लागलो. ड्राफ्ट्समन मात्र जागचे हलेनात. "मी गप्प बसलो तर हे माझंच राहील, नाही का?" ते मला म्हणाले, आणि आत जाऊन बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आले. काढलेला एकही भाग हा माणूस फेकत नसे. चिठ्ठी लावून जपून ठेवी. त्यात एक झिजलेला पितळी बुश होता, म्हणजे फिरणारा दांडा ज्यात बसतो ते कडे. त्यांनी तिथे नवा बसवला होता. बुशासोबत अजून एक वस्तू होती. मी डबा झाकला आणि विचारले, "चाचा, तुमच्या मशीनच्या बुशाखाली काही घातलं होतं का?"

"चपलेचं चामडं. माझ्याच. बुश झिजला तेव्हा सारलं होतं."

डब्यात ती चामड्याची पट्टीच होती, शिवणीसकट.

मुलाचा चेहरा उतरला. मी त्याला अंगणात नेले. एक प्रश्न विचारायचा आणि गप्प राहायचे, ही माझी पद्धत. ती शांतता फार थोड्यांना सोसते. त्यालाही सोसली नाही. "मीच दिलं भंगारात. अब्बांचे हात थरथरतात, साहेब. कातलेल्या लाकडावर लाटा उठायच्या. एक दिवस बोटं गेली असती. त्यांना तोंडावर कसं सांगू?"

"आता सांग," मी म्हणालो. त्याने आत येऊन सांगितले.

 चाचांनी सागाचा तुकडा मागून घेतला, मशीनला लावला आणि पटाशी टेकवली. पातळ साली निघत राहिल्या. आम्ही सगळे ठाणे, पंचनामा विसरून पाहत होतो. मशीन थांबल्यावर त्यांनी तो तुकडा मुलाच्या हातात दिला. "बघ. लाट आहे?"

एकही नव्हती.

"बुश झिजला की दांडा हलतो, चाचा," ड्राफ्ट्समन हळू आवाजात म्हणाले. "त्या लाटा मशीनच्या होत्या."

चाचा खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. "दोन वर्षं मी हा हात खिशात लपवून फिरलो. वाटायचं, हाच थरथरतो."

त्यांनी अर्ज मागे घेतला. "टेम्पो बोलवा," एवढेच ड्राफ्ट्समन म्हणाले आणि फडके घेऊन स्वच्छच असलेले मशीन बराच वेळ पुसत राहिले. मला वाईट वाटले. मी घाई केली नाही.

चौकशीत हात थरथरला की माणूस खोटा, हे मला वरिष्ठांनी शिकवले होते आणि मी पुढच्यांना शिकवत आलो होतो. त्या दिवसानंतर कोणालाही शिकवले नाही. पण त्याआधी ज्यांना मी तेवढ्यावरून खोटे ठरवले, त्यांची तोंडे आता दुपारी डोळा लागता लागता समोर येतात, आणि त्यांना काय सांगावे ते मला कळत नाही.