दिवलीबाईची चौदा आंब्यांची रेंज

दिवलीबाईचा फोन मी भाजला. मुद्दाम नाही, पण भाजला मीच.

काठी गावाच्या वरच्या अंगाला आमचा पाडा. तिथला सगळ्यात मोठा सपाट खडक दिवलीबाईच्या घरामागे आहे. एप्रिल लागला की पाड्यातल्या बाया त्यावर कैऱ्यांच्या फोडी वाळत घालतात आणि आठवड्याभरात कुणीतरी डोंगरावर चुना सांडल्यासारखा तो पांढरा होतो. मी पाड्याच्या शाळेचा मास्तर. मला वाटलं, तिचा फोन जरा रेंजमध्ये ठेवावा. खडकाच्या मधोमध दोन काड्या दिसल्या, म्हणून तिथेच ठेवला, शाळेत गेलो आणि पाढ्यांच्या गजरात विसरून गेलो. दुपारी येऊन पाहतो तर फोडी छान वाळल्या होत्या आणि फोन पुरीसारखा टम्म फुगला होता.

दिवलीबाईने तो हातात घेऊन निरखला.

"गुरुजी, तू फोन उलटवला नाही," ती म्हणाली. "एका अंगावर करपतं."

आमच्या डोंगरात कलेक्टर आला तरी 'तू'च, तिथे मास्तरांचं काय! पण तिच्या आवाजात राग नव्हता, याचंच मला जास्त वाईट वाटलं. कारण तो गुरुवार होता आणि सोमवारी सकाळी दहाला नाशिकच्या यामिनी मॅडम व्हिडिओवर येणार होत्या.

यामिनी मॅडमचं मसाल्याचं दुकान आहे. बचत गटाच्या प्रदर्शनातून त्यांनी पाड्याचा आमचूर नेला होता. त्यांना तो आवडला. मात्र त्यांचं म्हणणं, "वाळतो कुठे, कसा, ते मला डोळ्यांनी दाखवा. पटलं तर पाड्याचा सगळा माल मीच उचलते." नाही पटलं, तर मग दरवर्षीसारखा पोत्यात हात घालून नाक मुरडणारा आणि मनाला येईल तो भाव सांगणारा व्यापारी होताच. गटात बावीस बाया, अध्यक्ष दिवलीबाई. बावीसजणींचा उन्हाळा त्या एका फोनमध्ये होता आणि तो फोन मी भाजला होता.

"आपण मोलगीला जाऊ," मी म्हणालो. "तिथे रेंज फक्कड असते. ताटात आमचूर घेऊन दाखवू."

"ताटात आमचूर वाळतो का?"

संपलं. दिवलीबाईशी वाद असा एका वाक्यात संपतो. ही बाई कुठलीही गोष्ट कामाला लावल्याशिवाय घेत नाही. बैल घ्यायचा तर आधी तो तिच्याच उताराच्या शेतात नांगराचं एक तास काढून दाखवणार. नवरासुद्धा तिने तसाच पारखला, असं पाड्यात सांगतात. काठीच्या होळीला सगळेच रात्रभर नाचले. पण जो सकाळी घरी जाऊन लाकडं फोडायला लागला, त्यालाच तिने होकार दिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही जीपमध्ये कोंबून घेऊन मोलगीच्या बाजाराला गेलो. कुंदनचं मोबाइलचं दुकान. कुंदन मूळचा खालच्या सपाटीतला, त्यामुळे बोलणं अहिराणी. वाटेत मी दिवलीबाईला रॅम, मेगापिक्सेल आणि प्रोसेसर समजावून सांगितले होते. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. दुकानात कुंदनने काचेवर चार फोन मांडले. मी घसा खाकरून पुढे सरकणार, तोच दिवलीबाईने ओच्यातून कैरी काढली, विळीसारखा वाकडा छोटा चाकू काढला, कैरी उभी चिरली आणि दहाही बोटांना चीक माखून घेतला.

"अय काकी, हाई काय करी ऱ्हायनी तू!" कुंदन ओरडला.

"मी फोन घेते तेव्हा माझे हात असेच असतात," ती म्हणाली आणि तिने पहिल्या फोनला बोट लावलं.

पहिल्या फोनने बोट ओळखलंच नाही. दुसऱ्याने ओळखलं, पण भलतंच काहीतरी उघडून बसला. मी सुचवलेला तिसरा, मागे तीन-तीन डोळे असलेला, चीक लागताच आंधळा झाला. चौथा मात्र जाडजूड, थोडासा बोजड. बोट लागलं की मुकाट्याने उघडायचा. दिवलीबाईने तो उन्हात नेऊन पाहिला, हातावर तोलला, आवाज मोठा करून रस्त्यापलीकडच्या भजीवाल्याला ऐकू येतो का, ते विचारून घेतलं.

"हा," ती म्हणाली.

कुंदन फडक्याने बाकीचे तीन पुसत होता. "गुरुजी, पुढल्या टायमाले काकीले संत्रं दे, त्याले चीक नही ऱ्हास," तो मला म्हणाला.

फोन मिळाला. आता सिमकार्ड कुठलं? कुंदन म्हणाला, ह्या कंपनीचं घ्या. जीपवाला म्हणाला, त्या कंपनीचं. मी तिसऱ्याच कंपनीचं नाव घेतलं. दिवलीबाईने तिघांचंही ऐकलं आणि घरी येऊन लाहा बोलावला.

लाहा म्हणजे आमच्याकडची रीत. एखाद्याच्या घरी काम अंगावर आलं की सगळा पाडा हात लावायला येतो, आणि घरधनी त्यांना जेवू घालतो. पेरणीला लाहा होतो, घर शाकारायला होतो. कार्ड निवडायला लाहा मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. निरोप एवढाच होता : 'आपापलं कार्ड घेऊन या. कैऱ्याही सोलायच्या आहेत.'

शनिवारी खडकावर ही जत्रा! उडदाची डाळ चुलीवर रटरटते आहे, बाया कैऱ्या सोलताहेत आणि पुरुष फोन घेऊन रांगेत उभे. फोनमधून कार्ड बाहेर काढायची सुई माझ्या हातून खडकाच्या भेगेत पडली. (हो, तीही माझ्याच हातून.) दिवलीबाईने बाभळीचा काटा आणवला आणि त्याने कार्डं काढली. रीत तिनेच ठरवली. एकेक कार्ड नव्या फोनमध्ये घालायचं, मोलगीला कुंदनला व्हिडिओ लावायचा आणि तिने कैऱ्या सोलायला घ्यायच्या. कुंदनचं तोंड थिजेपर्यंत जेवढ्या सोलून होतील, तेवढी त्या कार्डाची ताकद.

पहिला मान रेंग्याने ओढून घेतला. तो गुजरातेत कामाला जाऊन आलेला, कार्डही तिकडचं. "माझं कार्ड पाण्यासारखं धावतं," तो म्हणाला. कुंदन दिसला, "हॅलो का..." म्हणाला आणि तोंड उघडं ठेवून तसाच राहिला.

"अर्धा आंबा," दिवलीबाई म्हणाली. खडक हसून हसून हादरला.

तिचं स्वतःचं जुनं कार्ड तीन आंबे टिकलं. माझं दोन. कुणाचं पाच, कुणाचं सहा. सातव्या वेळी कुंदनच कळवळला, "काकी, मन्हा दुकानमा गिऱ्हाईक उभं शे!"

"त्यालाही दाखव," दिवलीबाई म्हणाली. आणि गिऱ्हाईकही येऊन हात हलवून गेलं.

शेवटी उरला वाहरू. शेळ्या राखणारा म्हातारा, सगळ्यांच्या मागे उभा. त्याचं कार्ड घातलं. पाच आंबे झाले. आठ झाले. बायांनी सोलणं थांबवून मोजायला सुरुवात केली. "दहा! अकरा!" कुंदन तिकडे चहा प्यायला, त्याचा घोट गळ्यातून उतरताना दिसला. चौदाव्या आंब्याला टोपलीतल्या कैऱ्याच संपल्या. कुंदन शाबूत होता.

"वाहरूबा, हे कार्ड तू कसं निवडलं?" मी आदराने विचारलं.

"दुकानात तेच उरलं होतं," वाहरू म्हणाला.

तसलंच कार्ड कुंदनकडे सांगून ठेवलं. ते सुरू होईपर्यंत सोमवारसाठी वाहरूचं उसनं घेतलं आणि मॅडमना त्याचा नंबर कळवला. पण वाहरूने अट घातली : कार्ड जिथे, तिथे मी.

सोमवारी बरोबर दहाला फोन वाजला. गटातल्या बाकीच्या बाया खडकाच्या कडेला. दिवलीबाई मधोमध, हाताला चीक, शेजारी फेटा बांधून ताठ बसलेला वाहरू.

"दिसतंय का, दिवलीबाई? अरे वा! केवढा मोठा खडक!" यामिनी मॅडमचा आवाज खणखणीत आला. "आणि हे आजोबा कोण?"

"कार्डवाला," दिवलीबाई म्हणाली.

तिने फोन फोडींवरून असा फिरवला की जणू पंचवीस वर्षं तेच करत आली आहे. सोललेली कैरी दाखवली, कालची फोड दाखवली, पुरती वाळलेली मोडून तिचा आवाज ऐकवला. एवढ्यात कोंबडी चित्रात घुसली. माझा जीव गेला.

"तिथे कोंबड्या येतात?" मॅडमनी विचारलं.

"येतात. आम्ही हाकलतो," दिवलीबाई म्हणाली आणि हाकलून दाखवली.

मला वाटलं, गेला सौदा. मग मॅडम मोठ्याने हसल्या. "खोटं सांगितलं असतं तर मी फोन ठेवला असता. सगळा माल माझा, दिवलीबाई. पुढच्या आठवड्यात मी स्वतः येते न्यायला."

काठीच्या होळीत उठते तशी आरोळी उठली. बायांनी एकमेकींच्या कमरेत हात घालून फेर धरला, वाहरू फोनला नमस्कार करत सुटला आणि मीही, कोणी न बोलावता, त्या फेरात घुसलो.

फेर सुटला तेव्हा फोन दिवलीबाईच्या हातात गरम झाला होता. भरपाईची हीच वेळ, असं मला वाटलं. मी लगबगीने हात पुढे केला.

"आण इकडे, मी सावलीत नीट ठेवतो."

दिवलीबाईने फोन कमरेला खोचला आणि कैऱ्यांची टोपली माझ्याकडे सरकवली.

"गुरुजी, तू आंबे सोल."