सुनावणीची साडी

सगळं चांगलं पार पडलं, म्हणून आता मी हे हसत सांगू शकते. त्या वर्षी मात्र घरात माझ्याशी जपून बोलावं लागे. मी तळोज्याकडच्या एका कारखान्यात पत्र्याची झाकणं कापायच्या प्रेसवर होते. एक दिवस प्रेस माझ्या उजव्या हातावर आला. डॉक्टरांनी पाचही बोटं वाचवली आणि खरी भानगड तिथेच झाली. हात दिसायला अख्खा राहिला, पण मूठ वळेना, चिमटीत काही धरता येईना. कंपनी म्हणाली, हा हात आता कामाचा नाही, तुम्ही घरी बसा. विम्याचं मेडिकल बोर्ड म्हणालं, हात तसा चांगला आहे. दोघांनी एकदा समोरासमोर बसून काय ते ठरवायला हवं होतं.

हात किती टक्के गेला हे बोर्ड ठरवतं आणि त्या टक्क्यांवर जन्मभराची पेन्शन ठरते. मला मिळालेल्या टक्क्यांत महिन्याची चहा-साखर निघाली असती, दुधाचं आम्हालाच बघावं लागलं असतं. मुलगी नुकतीच शाळेत जायला लागली होती, माझा पगार बंद झाला होता आणि नवऱ्याच्या एकट्याच्या कमाईत घर ओढत होतो. म्हणून अपील केलं.

बोर्डाने तसं का ठरवलं, हे मला नंतर कळलं. आमचं घर खांदा कॉलनीला लागून असलेल्या गावठाणात, माणसं शेतीवाडीची. सरकारी कचेरीत जायचं म्हणजे लग्नाला जाण्याइतकं नीट जायचं, ही सासूबाईंची शिस्त. अपघातानंतर मला रोज साडी त्याच नेसवायच्या. त्या स्वतः लुगडं नेसणाऱ्या. गोल साडीच्या निऱ्या त्या कॉलनीतल्या एका बाईकडून माझ्यासाठी शिकून आल्या होत्या, आणि शिकल्या त्या अशा की गावात माझ्यासारखी चापूनचोपून साडी कुणाची नसे. गाऊनवर दिवसभर राहणं आमच्याकडे तेव्हा चालायचं नाही. निऱ्या घालताना त्या पिना तोंडात धरत. दिवसभरात तेवढाच वेळ त्यांचं बोलणं बंद असे, म्हणून मला ती वेळ फार आवडायची.

बोर्डाच्या दिवशी त्यांनी मला काठाची साडी नेसवली, वेणी घातली, अबोलीचा गजरा माळला आणि त्या दुखऱ्या हातात हळूहळू, तेल लावून, हिरव्या बांगड्या चढवल्या. डॉक्टरांनी हात उलटासुलटा केला, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, घरातली कामं करता ना? सासूबाई दाराशी उभ्या होत्या. सासू दाराशी उभी असताना "नाही करत" असं कोणती सून म्हणेल? मी म्हटलं, करते. झालं.

अपिलाचं काम युनियनचे सेक्रेटरी बघत होते, त्यांना आम्ही भाऊ म्हणायचो. ही हकिगत ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. ते म्हणाले, वहिनी, सुनावणीला तुम्हाला जशी नेसता येते तशीच साडी नेसून या, केस जसे विंचरता येतात तसेच विंचरून या. खोटं काही नको, फक्त मदत घेऊ नका. बोलणं बिनतोड होतं. पण मला ते ऐकून तिडीक गेली. हात गेला तो गेला, आता गबाळं होऊन सुनावणीला बसणाऱ्या तिघा पुरुषांसमोर उभं राहायचं आणि टक्के मागायचे?

तारीख दोनदा पुढे गेली. प्रत्येक वेळी नवऱ्याने रजा काढली, प्रत्येक वेळी ती वाया गेली. मधल्या दिवसांत आमच्या घरात सुनावणीची तालीम चाले. नवरा खुर्चीवर बसून जज्ज व्हायचा आणि आवाज जाड करून मला विचारायचा, पीठ मळता का? मी म्हणायची, साहेब, तुम्ही एकदा मळून बघा ना. मग तो उठून निघून जायचा आणि खटला तहकूब व्हायचा.

एका सकाळी मी दार लावून घेतलं आणि स्वतः साडी नेसून पाहिली. डाव्या हाताने निरी घालायची, उजव्याने धरायची, तर उजवा धरेना. घातलेली निरी पुढची घालेपर्यंत सुटायची. दातात पदर धरला, गुडघ्याने साडी भिंतीशी दाबली. शेवटी घामाघूम होऊन कमरेशी एक बोचकं खोचलं आणि बाहेर आले. सासूबाई भाकऱ्या थापत होत्या. त्यांनी पाहिलं, परातीतला हात तसाच थांबला. मग एवढंच म्हणाल्या की गावातून अशी जाऊ नको, लोकांना वाटेल हिला घरात कोणी नाही. मला त्यांचा राग आला. मला पेन्शनची पडली होती आणि त्यांना लोकांची. आज वाटतं, तो राग आला नसता तर मी ठाण्याला सुनावणीसाठी तशी गेलेच नसते.

तिसऱ्या तारखेला नवऱ्याला रजा मिळाली नाही, म्हणून सोबत सासूबाई आल्या. मी सकाळी स्वतःच नेसले. त्यांनी तोंड फिरवून घेतलं. पनवेलच्या एसटी स्टँडवर एका अनोळखी बाईने मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, ताई, मागून साडी वर गेलीय. मला रडू आलं, पण मी तशीच गाडीत चढले. ठाण्यापर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले. सासूबाई मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसल्या होत्या.

कचेरीत भाऊ भेटले. माझ्याकडे पाहून त्यांनी समाधानाने मान हलवली आणि आत कागद द्यायला गेले. आमचा नंबर यायला वेळ होता. बाकावर बसलेली माणसं माझ्याकडे बघत होती, मी भिंतीकडे. सासूबाईंनी बराच वेळ कळ काढली. मग एकदम माझ्या दंडाला धरून मला जिन्याखालच्या आडोशाला नेलं, पिशवीतून पिना काढल्या, तोंडात धरल्या आणि माझी साडी सोडली. मी नको नको म्हणत होते. त्यांचं तोंड पिनांनी भरलेलं, त्या काय ऐकणार. निऱ्या झाल्या, पदर खांद्यावर बसला, केसांवरून फणी फिरली, आणि तेवढ्यात आमचं नाव पुकारलं.

मला पाहून भाऊंचा चेहरा पडला. महिनोन्महिने केलेली तयारी या बाईने जिन्याखाली उधळून लावली, असं मला वाटलं. इतका संताप मला प्रेसचाही आला नव्हता.

आत मधोमध जज्जसाहेब होते आणि दोन्ही बाजूंना एकेक डॉक्टर. भाऊंनी बोलायला सुरुवात केली की बाईंना उजव्या हाताने चिमटीचं कोणतंही काम जमत नाही, साडीसुद्धा नेसता येत नाही. एका डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, साडी तर उत्तम नेसलीय. भाऊ कागद चाळायला लागले.

मागून आवाज आला. दार अर्धं उघडं होतं आणि सासूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या.

"ती मी नेसवलीय, साहेब. आत्ता, जिन्याखाली. तिची ती नेसून आलीवती, मना बघवली नाय, म्हनून मी सोडून परत नेसवली."

शिपाई त्यांना मागे सारायला निघाला, पण जज्जसाहेबांनी हात वर करून त्याला थांबवलं आणि त्यांना पुढे बोलावलं. त्या पुढे आल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला. घरात कुणाला कशाची कमी आहे हे या बाईने आयुष्यात बाहेर सांगितलं नव्हतं. शेजारणींनासुद्धा त्या सांगायच्या की माझी सून पहिल्यासारखी सगळं करते.

"दोन वरसं मी हिला नेसवते. केस मी इचरते, भाकऱ्या मी थापते. बोर्डाला पन मीच नटवून आनलीवती. मना काय ठावं, तुमी साडी बगून हात ठरवता?"

सासूबाईंचा आवाज तेव्हा पहिल्यांदा हलला.

"माजं वय झालं, साहेब. मी मेल्याव हिला कोन नेसवंल? तेवढं लिवा."

जज्जसाहेबांनी खरंच काहीतरी लिहिलं. चष्म्यावाले डॉक्टर उठून माझ्याजवळ आले, खुर्ची ओढून बसले आणि माझा हात हातात घेतला. एकेक बोट वाकवून पाहिलं. खिशातलं पेन दिलं, ते माझ्या हातून पडलं. पदराची पीन काढायला सांगितली, ती निघाली नाही. एवढा वेळ माझा हात कुणी पाहिला नव्हता. शेवटी त्यांनी विचारलं, घरातली कामं करता? मी म्हटलं, नाही, सासूबाई करतात.

येताना गाडीत मी त्यांना म्हटलं की मला तुमचा फार राग आला होता. त्या म्हणाल्या, मना पन माजा आलावता. मग त्यांनी पिशवीतून शेंगदाणे काढले आणि पनवेल येईपर्यंत मला सोलून देत राहिल्या.

निकाल पावसाळ्याच्या तोंडावर आला. टक्के चांगले वाढवले होते, पेन्शन घरात जाणवेल एवढी. माझा जीव भांड्यात पडला. नवऱ्याने पेढे आणले, भाऊ येऊन गेले. सासूबाईंनी निकाल दोनदा वाचून घेतला. आपण गेल्यावर हिला कोण नेसवणार, याचं उत्तर त्यात कुठे आहे, असं त्या विचारत होत्या. तसं काही त्यात नव्हतं. त्या नुसतं हं म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खोलीत आल्या त्या एकट्या नाहीत. नवऱ्याला हाताला धरून आणलं होतं. मला उभं केलं, त्याच्या हातात साडीचं टोक दिलं आणि त्याला निऱ्या शिकवायला बसल्या. तो लाजून लाल झाला होता. गावात कळलं तर लोक हसतील, असं पुटपुटला. लोकांचं नाव ऐकताच त्यांनी त्याच्या हातावर चापट मारली आणि निरी पुन्हा पहिल्यापासून घालायला लावली. पावसाळा संपेपर्यंत रोज सकाळी शाळा भरत होती. मी मधे उभी राहून हसू दाबत असे.

त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्या गेल्या त्या दिवशीही मला नवऱ्यानेच साडी नेसवली. त्याच्या निऱ्या आईइतक्या सरळ कधी आल्या नाहीत, पण पिना तो तिच्यासारख्याच तोंडात धरतो, आणि त्या दिवशी त्या तोंडात होत्या म्हणून त्याला रडता आलं नाही. मी मात्र रडले.