गाढ झोप

पनवेलच्या आमच्या हॉस्पिटलात एकाच्या हृदयाचे बिघडलेले ठोके सुधारायची प्रोसिजर चालली होती. मी भूलतज्ज्ञ, पण "झोपेचं औषधच तर द्यायचंय, भूलतज्ज्ञ कशाला?" म्हणून मला बोलावलंच नव्हतं. मी सहज आत डोकावले. पेशंट जोरात घोरत होता. "बघा, कसा गाढ झोपलाय," हृदयाचे डॉक्टर कौतुकाने म्हणाले. त्याची जीभ मागे पडून श्वास अडत होता आणि सगळे ठोक्यांच्या पडद्याकडे बघत बसलेले. मग घोरणं थांबलं. "चला, शांत झाला," नर्स म्हणाली. माझं डोकंच सणकलं. धावत जाऊन मी त्याचा जबडा वर उचलला, तेव्हा कुठे छाती हलली.

"मॅडम, हलवू नका त्याला. पडद्यावरचं हृदयाचं चित्र बिघडतं," डॉक्टर वैतागले.

"मेलेला हलत नाही, सर," मी म्हणाले. जबडा सोडला नाही.