दाराशेजारची खिडकी

मांजरेकर गेले, हे मला मीटिंगमध्ये कळलं. दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या ऑफिसात क्लायंटसमोर नकाशे पसरलेले, आणि फोनवर त्यांच्या पुतण्याचा मेसेज: काका आज पहाटे वारले, वेंगुर्ल्याला, घरीच. मी फोन उपडा ठेवला आणि जिन्याच्या रुंदीबद्दल बोलत राहिले. आता दीड महिना झाला. तेव्हाच उठून बाहेर यायला हवं होतं, हे टोचतंच. पण त्याहून जास्त टोचते ती खिडकी... त्यांनी नकाशात काढलेली आणि मी बुजवलेली.

मांजरेकर आमचे सीनियर ड्राफ्ट्समन. मी नवी आर्किटेक्ट म्हणून रुजू झाले तेव्हा माझ्या पहिल्याच ड्रॉइंगवर बोट ठेवून, "ताई, ह्या बाथरूममध्ये माणूस शिरणार कसा? आडवा?" असं विचारून त्यांनी मला जमिनीवर आणलं होतं. पुढे रास अल खैमाच्या एका बिल्डरला लंडनसारखी घरांची रांग हवीशी झाली, जॉर्जियन. दोन-अडीचशे वर्षांपूर्वीची ती घरं एकमेकांना चिकटलेली, मधल्या भिंती सामाईक, दर्शनी भाग साध्या विटांचा. दिवाणखान्याच्या खिडक्या उंच, आणि वर जावं तशा ठेंगण्या होत गेलेल्या, कारण माळ्यावर नोकर राहायचे. स्वयंपाकघर तळघरात. मांजरेकर आयुष्यात लंडनला गेले नव्हते, पण महिनाभर जुने नकाशे धुंडाळत बसले. एकदा मला ओढतच स्क्रीनपाशी नेलं. तळघराला उजेड मिळावा म्हणून त्या लोकांनी घरापुढे, रस्त्याच्या कडेला, खोल चौक खणलेला होता. "बघा ताई, त्या काळच्या साहेबानंपण स्वयंपाकिणीचा उजेड नकाशात धरला होता!" त्या रांगांमध्ये काही खिडक्या मुळातच खोट्या असत, बाहेरून समतोल दिसावा एवढ्यासाठी चौकट, आत भिंत. हे मात्र मी बिल्डरला सांगायला नको होतं.

आमच्या घरांमध्ये दाराशेजारच्या खिडकीमागे मेड्स रूम येत होती. मेडचे कपडे दर्शनी बाजूला दिसायला नकोत, तेव्हा ती खिडकी खोटी करा, आत एक्झॉस्ट फॅन पुरे, असं बिल्डर म्हणाला. मी मान डोलावली. मांजरेकरांनी नाही. मी बुजवायला सांगायची आणि पुढच्या प्रिंटमध्ये ती उघडीच असायची. असं तीनदा झालं. शेवटी ते जेवायला गेलेले असताना मी स्वतः भिंतीची रेघ ओढली, सही केली आणि ड्रॉइंग्ज पाठवून दिली. परत आल्यावर त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं.

"खलास?"

"खलास," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ते मला 'मॅडम' म्हणू लागले.

निवृत्त होऊन गावी निघाले तेव्हा, खोक्यात सामान भरता भरता, त्यांनी सांगितलं. त्यांची थोरली बहीण अकरा वर्षं शारजात एका घरी कामाला होती. तिच्याच जिवावर ते शिकले. "अक्काच्या खोलीला खिडकी नव्हती, मॅडम. उजाडलं की नाही, ते घड्याळात बघून कळायचं तिला."

मग तेव्हाच का नाही सांगितलंत, मी विचारलं.

"अक्काच्या नावानं कशाला मागू? माणूस राहणार तिथे. खिडकी लागतेच की."

माझी मान वर होईना. मी बिल्डरशी बोलते, म्हणाले. "इन्शाल्ला," म्हणून ते हसले. बिल्डरशी मी बोललेच नाही. आज-उद्या करत राहिले, आणि मांजरेकर गेले. रडू आलं ते बातमीनंतर चार दिवसांनी, गाडीत, सिग्नलला.

परवाच्या शनिवारी रास अल खैमाला जाऊन आले. रांग देखणी झाली आहे, हे कबूल करायला हवं. एका घरासमोर एक नेपाळी बाई बादली घेऊन दाराशेजारची खिडकी पुसत होती. मागे भिंत असलेली एकेक काच, मन लावून. धूळ दिसली की मॅडम रागावतात, म्हणाली.

"इसके पीछे क्या है?" मी विचारलं, जसं काही मला ठाऊकच नव्हतं.

"मेरा ही रूम है, मॅडम. पर ये खुलती नहीं."

"मैंने बंद की है," मी म्हणाले. मांजरेकरांसाठी एवढं तरी खरं बोलायचं होतं.

मी ह्या वसाहतीच्या देखभालीच्या ऑफिसातून आले आहे असं तिला वाटलं असावं.

"तो खोल दो ना, मॅडम," ती म्हणाली, आणि फडका पिळून पुढची काच पुसायला लागली.