व्हॅक्युमच्या नळीला घातलेलं प्लास्टर

मुलुंडच्या आमच्या इमारतीत, बरोबर आमच्या डोक्यावर, एक गृहस्थ राहतो. वय माझ्याएवढं, पोट माझ्याएवढं, पण याला सगळं दुरुस्त करता येतं. बायको त्याला भावोजी म्हणते. ते म्हणताना तिच्या आवाजात जी साखर पडते, ती माझ्या वाट्याला फक्त चहात आली, आणि डॉक्टरांनी आता तीही बंद केली आहे.

गणपतीआधीच्या रविवारी साफसफाई करताना व्हॅक्युम क्लीनरची नळी मुठीजवळ फाटली. यंत्र नुसतं फुसफुसायला लागलं, कचरा जागचा हलेना.

"वरच्या भावोजींना हाक मारू?" बायकोने लगेच विचारलं.

"खबरदार!" मी गरजलो. "या घरात एक पुरुष आहे."

"कुठाय?"

त्या दिवशी मला तिच्या तोंडून एक 'व्वा' हवा होता. बास.

गळक्या नळाला लावायचा लगदा आमच्याकडे कायम असतो. दोन रंगांच्या दोन कांड्या, कणकेसारख्या मळायच्या आणि थापायच्या. ज्याने पाण्याच्या टाकीची गळती थांबते, त्याने नळीची हवा थांबणार नाही? मी चांगला जाड थर दिला, पाण्याच्या बोटाने गुळगुळीत केला आणि दुपारभर पंख्याखाली ठेवला. संध्याकाळी त्याचा दगड झाला होता. हात मोडून प्लास्टरमध्ये घातल्यासारखी नळी ताठ उभी! सोफ्याखाली जायला वाकेना. जोर लावून वाकवली, तर प्लास्टरला लागूनच कर्रकन नवीन चीर पडली.

बायको सरळ जिना चढून गेली.

तो आला. गंजीफ्रॉकमध्ये, हातात कटर.

"मेल्या, ह्यां काय केलंस?"

"उपचार," मी म्हणालो.

बायको आंबोळ्या घालायला आत गेली. सोमवारच्या नाश्त्याचं पीठ रविवारीच निघालं! माझ्यासाठी कधी निघालं होतं?

इकडे त्याने माझं प्लास्टर फाटक्या तुकड्यासकट छाटून टाकलं. मुठीत अडकलेलं टोक फिरवून बाहेर काढलं. नळी वीतभर आखूड झाली, पण धडधाकट. आता ती मुठीत बसवली की खेळ खलास. मला राहवेना.

"थांब रे, हे मी करतो." मी नळी हिसकावली आणि फिरवायला लागलो. फिरवतोय, दाबतोय, घाम पुसतोय. ती काही धरेना.

त्याने स्वयंपाकघराकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "उलटे आटे आहेत. डावीकडे फिरव."

डावीकडे फिरवली. सरसर आत गेली. बटण दाबलं, तर यंत्राने टीपॉयखालचं वर्तमानपत्रच ओढून धरलं. आवाज ऐकून बायको उलथनं घेऊन बाहेर धावली.

"झालं? भावोजी, तुम्ही म्हणजे ना..."

"मी काय केलं? मी नुसती कापली. बसवली यानेच."

तिने माझ्याकडे बघितलं. नीट, थांबून.

"व्वा!"

मी छातीवर हात ठेवून, पडदा पडताना नट लवतात तसा लवलो. पहिली आंबोळी माझ्या ताटात पडली. ती मी निर्लज्जपणे खाल्ली. पण समोर बसून चटणी मागणाऱ्या त्या माणसाचा इतका हेवा मला कधीच वाटला नव्हता. हुशारी त्याच्याकडे, ठीक आहे. मोठं मनही त्याच्याचकडे असायला हवं होतं?