ताईच्या वाटणीचे पत्ते

जुन्या पत्त्यांच्या शौकिनांचा मेळावा नागपुरात धरमपेठेत भरतो, हे मला कॉलेजातल्या एका सहकाऱ्याने सांगितलं. पत्ते म्हणजे रमीचे नव्हेत. आमच्या लहानपणी कुस्तीगीरांचे, क्रिकेटपटूंचे, विमानांचे छापील पत्ते मिळायचे. वर फोटो आणि खाली इंग्रजीत उंची, वजन, छाती, जिंकलेल्या लढती असे आकडे. दोघांनी पत्ते वाटून घ्यायचे. आपल्या गठ्ठ्यातला वरचा पत्ता तेवढा बघायचा आणि त्यावरचा एक आकडा पुकारायचा. ज्याचा आकडा मोठा, त्याने दोन्ही पत्ते आपल्या गठ्ठ्याच्या खाली सरकवायचे, आणि पुढचा पुकारा त्याचाच.

"चाळिशी उलटलेले लोक येतात सर, आणि पोरांसारखे भांडतात. या तुम्ही एकदा," सहकारी म्हणाला.

मी लगेच हो म्हटलं. त्याला वाटलं, मलाही शौक आहे. खरं म्हणजे माझ्या कपाटात कुस्तीगीरांचा एकच संच होता आणि तो दोन वेगळ्या गठ्ठ्यांत ठेवलेला होता. एक गठ्ठा माझा, एक ताईचा. ताई गेल्यापासून तो डाव तसाच थांबलेला होता, आणि तो मला पुरा करायचा होता.

आम्ही सावनेरचे. बाबा कोळशाच्या खाणीत कामाला होते. ते कधीतरी नागपूरला गेले तेव्हा सीताबर्डीवरून तो संच घेऊन आले. घरात इंग्रजी कोणालाच येत नव्हतं. ताई माझ्याहून मोठी, तिला अक्षरं लावून वाचता यायचं. तिने वाचलं, 'रँक'. म्हणजे काय ते तिलाही ठाऊक नव्हतं, पण बाकी सगळ्या ओळींमध्ये मोठा आकडा जिंकतो, तर इथेही तेच, असं तिने ठरवून टाकलं. त्यामुळे त्या संचातला सगळ्यात शेवटच्या क्रमांकाचा कुस्तीगीर आमचा राजा झाला. टक्कल पडलेला, पोट सुटलेला, बिचाऱ्याने लढतीही फारशा जिंकलेल्या नव्हत्या. आमच्या गल्लीतली पोरं मात्र त्याला टरकून असायची.

पुढे मी बी.ए.ला नागपूरला आलो. हॉस्टेलवर खरा नियम कळला. दिवाळीत घरी गेल्यावर मी ताईला सांगितलं, "रँक म्हणजे नंबर, वं ताई. वर्गात पयला नंबर मोठा असते का तिसावा?"

ती चकल्या पाडत होती. हात न थांबवता म्हणाली, "असंन तुया नागपुरात. आपल्या घरी हाच राजा हाय. इतके वर्षं गादीवर बसला बिचारा, आता काहून उतरवतं त्याले?"

मग तो नियम तसाच राहिला. ताई स्वतः दहावीच्या पुढे शिकली नाही. मला नागपूरला पाठवायचं म्हणून बाबांशी भांडली ती तीच. मी घरातला पहिला पदवीधर झालो, आज कॉलेजात शिकवतो, आणि त्यातलं माझं स्वतःचं किती, हे मला कधीच नीट सांगता आलेलं नाही.

लग्न होऊन ती कोराडीच्या वसाहतीत गेली. भाऊजी वीज केंद्रात. शेवटच्या वर्षी तिची किडनी गेली आणि डायलिसिससाठी ती आठवड्यातून दोनदा नागपूरला यायला लागली. भाऊजींची कामावर पाळी असली की मी तिच्याजवळ बसायचो. एकदा सहज म्हणून ते पत्ते घेऊन गेलो, तर तिचा चेहराच खुलला. तिचा डावा हात मशीनला जोडलेला, हलवायचा नाही. तिचा गठ्ठा मी चादरीवर, तिच्या पोटावर ठेवायचो. ती उजव्या हाताने वरचा पत्ता उचलायची, छातीशी लपवून बघायची आणि पुकारायची. हरली की म्हणायची, "पाहून राहिला होता तू, लबाड!" शेजारच्या खाटेवरचे आजोबा पंच झाले होते. ते नेहमी तिच्याच बाजूने निकाल द्यायचे.

त्या दिवशीही आम्ही खेळत होतो. तिने आधीचा हात जिंकला होता, पुढचा पुकारा तिचा होता. तिने पत्ता उचलला, पाहिला आणि हसली. "आता फुटन तुले घाम," म्हणाली. तेवढ्यात सिस्टर आल्या, "चला ताई, झालं तुमचं. सुया काढू."

ताईने पत्ता परत गठ्ठ्यावर पालथा ठेवला. "माहे पत्ते अलग ठेवजो. पाहू नोको बरं! पुढच्या बारीले दाखवतो तुले."

पुढची बारी आलीच नाही. त्याच्या आतच ती गेली.

तो वरचा पत्ता मी पाहिला नाही. वर्ष होऊन गेलं तरी नाही. तो राजा होता का, की दुसराच कोणी, ज्याच्या वजनावर ती मला पाडणार होती, हे मला जाणून घ्यायचं होतं, पण तिच्या पाठीमागे उघडून बघणं जमत नव्हतं. बायको एकदा म्हणाली, "मी खेळू का त्यांच्याकडून?" पण ती माझी कीव येऊन खेळली असती. मला वाटायचं, ज्याला या खेळाची खरी कदर आहे अशा कोणीतरी ते पत्ते हातात घ्यावेत, वरचा उचलावा आणि ताईसारखं जोरात पुकारावं.

मेळावा एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर होता. टेबलांवर फाइली उघडलेल्या, एकेक पत्ता प्लास्टिकच्या पाकिटात. "कडा बघा भाऊ, कडा! कारखान्यातून आत्ता निघाल्यासारखा," एक जण दुसऱ्याला म्हणत होता. "अन् हातात कशाला घेऊन राहिले? फोटो काढा, हात नका लावू!" माझे पत्ते कडांना मऊ पडलेले, एकाला सेलोटेप. मला जरा संकोच वाटला.

सहकाऱ्याने मला एका डॉक्टरांच्या टेबलाशी बसवलं. दातांचे डॉक्टर, माझ्याच वयाचे, मोकळे गृहस्थ. माझे पत्ते पाहून म्हणाले, "वा! खेळलेला संच आहे. आमचे सगळे पाकिटात गुदमरून राहिले. बसा, खेळू."

मी त्यांना सांगितलं की डाव अर्धवट आहे, हा गठ्ठा माझ्या बहिणीचा, तुम्ही तिच्याकडून खेळायचं, पुकारा तुमचा. ती आता नाही, हे सांगितलं नाही. मग आमचा रँकचा उलटा नियम समजावला. ते खो खो हसले. "म्हणजे शेवटचा तो पहिला? बापा! अहो, लहानपणी हा नियम असता तर मी गल्लीत कधीच हरलो नसतो." आजूबाजूचे दोघे-तिघे खुर्च्या ओढून बसले. सगळ्यांना तो नियम फार आवडला. कोणी म्हणालं, आमच्याकडे विमानांच्या पत्त्यांत असंच चालायचं. मला आनंद झाला. ताईचा नियम धरमपेठेतल्या लोकांना आवडला, हे तिला सांगायला हवं, असं क्षणभर मनात येऊनही गेलं.

मी ताईचा गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला. डॉक्टरांनी तो उचलला आणि माझ्याकडे बघत, काहीतरी गमतीचं बोलत, पिसला.

जुने खेळाडू ते. हातात पत्ते आले की हात आपोआप पिसतात. दोनदा, सराईतपणे, फर्रकन. मी बोलायला तोंड उघडलं तोवर झालं होतं. रँकचं एवढं समजावलं, पण पिसू नका, हे सांगायचं मला सुचलंच नव्हतं. आमच्या घरी डावाच्या मध्ये कोणी कधी पिसलंच नव्हतं.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. पुकारा," मी म्हणालो.

त्यांनी वरचा पत्ता उचलला आणि छाती पुकारली. कोणाचा पत्ता होता, माझ्या लक्षातही राहिलं नाही. आम्ही खेळत राहिलो. मध्येच त्यांच्या हातात राजा आला. ते उभेच राहिले. "आला, आला! तुमचा टकलू महाराज! रँक!" टेबलाभोवती टाळ्या पडल्या. मीही टाळी वाजवली. म्हणजे राजा ताईकडेच होता. पण वर होता की मध्ये की तळाशी, हे आता कोणालाच सांगता येणार नव्हतं.

डॉक्टर जिंकले. माझे सगळे पत्ते त्यांच्याकडे गेले. त्यांनी संच टेबलावर आपटून नीट सारखा केला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. "सांगा बहिणीला, जिंकल्या त्या. अन् पुढच्या मेळाव्याला घेऊन या त्यांना. त्यांच्याशीच खेळायचं आहे मला."

"सांगतो," मी म्हणालो. त्यांनी खाऊ घातलेला समोसा खाल्ला, आभार मानले आणि खाली उतरलो. त्यांचा राग आला नाही, अजूनही येत नाही.

रस्त्यापलीकडे एका बंद दुकानाची पायरी होती. तिथे बसलो आणि पत्ते पुन्हा दोन भागांत लावायला घेतले. राजा ताईचा, तो बाजूला ठेवला. सेलोटेप लावलेला पत्ता तिने शेवटच्या दिवशी माझ्याकडून जिंकला होता, तोही तिचा. मग एका दाढीवाल्याशी अडलो. त्याला राजाशेजारी ठेवला, उचलला, माझ्या बाजूला ठेवला, पुन्हा उचलला. पुढचा तर कुठून आला होता, काहीच आठवेना. समोरून एक बाई जात होत्या, मी तिथे काय विकतो आहे, असं त्यांना वाटलं असावं. त्या वाकून बघायला लागल्या. मी पत्ते गोळा केले, सगळे एकत्र, आणि पिशवीत टाकले.